कोण ऱ्हायलं का?

आमचे घरमालक अंबाबाईला तोंडावर सांगायचे, की चूक तुझीच होती. हात जोडलेले, डोळे मिटलेले, आवाज मात्र तालमीतला. दर्शनाच्या रांगेतली परगावची माणसं दचकून मागं बघायची आणि मग हा काय प्रकार म्हणून पुजाऱ्यांकडं. पुजारी हसून मान हलवायचे. ह्या माणसाचं देवीशी भांडण त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून चालू होतं.

त्यांचं नाव सांगत नाही. मंगळवार पेठेत अजून त्यांची नातवंडं आहेत, आणि त्या घरात नावावरून एकदा जे रामायण झालं तेवढं पुरे आहे. आम्ही त्यांना मालक म्हणायचो. सत्तरच्या दशकात आम्ही दोघं नवरा-बायको त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत राहत होतो. हे पाटबंधारे खात्यात, मी मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी. मालक तरुणपणीचे पैलवान. माझ्या वेळी पन्नाशी उलटलेली, कान कुस्तीनं चुरगळलेले, मान कुठं संपते आणि खांदे कुठं सुरू होतात ते सांगता येऊ नये असा देह. रोज संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर जाऊन म्हशीखालचं धारोष्ण दूध प्यायचे आणि मिशीवरचा फेस न पुसता घरी यायचे. फेस पुसणं म्हणजे दुधाचा अपमान, असं त्यांचं म्हणणं होतं.

खोली बघायला गेलो त्या दिवशी भाड्याचं राहिलं बाजूला, त्यांनी मला विचारलं, "बाई, टेंबलाई का रुसली ठावं हाय?"

मी साताऱ्याकडची. मला कुठलं ठाऊक असणार? मग त्यांनी आम्हाला घोंगडीवर बसवलं आणि कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत असलेली ती गोष्ट ऐकवली. कामाक्ष नावाच्या राक्षसानं योगदंड फिरवून अंबाबाईसकट सगळ्या देवांच्या शेळ्या-मेंढ्या करून टाकल्या. त्र्यंबोली, म्हणजे आपली टेंबलाई, तेवढी वाचली. तिनं राक्षसाला मारलं आणि देवांना पुन्हा देव केलं. पुढं अंबाबाईनं कोल्हासुराला मारल्याचा मोठा सोहळा केला, अख्ख्या त्रैलोक्याला बोलावलं, आणि नेमकं टेंबलाईला बोलवायचं राहून गेलं. ती रुसली. गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन गावाकडं पाठ करून बसली, ती आजतागायत. म्हणून नवरात्रातल्या पंचमीला अंबाबाईची पालखी टेकडीवर जाते, तिची समजूत काढायला. तिथं एक कुमारिका त्रिशूळानं कोहळा फोडते, आणि त्याची फोड मिळावी म्हणून लोक एकमेकांच्या अंगावर पडतात.

"आता सांगा, चूक कुणाची?"

आमचे हे सरकारी नोकर. ते म्हणाले, दोन्ही बाजू बघायला हव्यात. मी म्हटलं, अंबाबाईची.

"खोली तुमची," मालक म्हणाले.

ह्या एका चुकीवर त्यांचं सगळं तत्त्वज्ञान उभं होतं. एका श्रावणात देवळाच्या गरुडमंडपात कीर्तन चाललं होतं. बुवांनी हीच कथा लावली आणि सांगितलं, की जगन्मातेला विसर कसा पडेल, ही तर तिची लीला. झालं. मालक मधल्या रांगेतून उठले.

"लीला न्हाय, चूक," ते म्हणाले. "चूक म्हणा की सरळ. लीला म्हटली की माफी मागाय नगो. मग वरसाला त्या टेकडीवर जायाचं कशाला?"

बुवा गडबडले. मृदंगवाला शहाणा होता, त्यानं थाप मारून पुढचा अभंग सुरू केला. येताना मी मालकांना म्हटलं, भर कीर्तनात असं बोलणं शोभतं का? ते जराही ओशाळले नाहीत. देव चुकला ह्यात त्याला कमीपणा नाही, म्हणाले, चुकल्यावर उठून जातो ह्यात त्याचा मोठेपणा आहे. माणसं चुकतात आणि वर घरात बसून राहतात.

पेठेत कुणाचंही कार्य असो, आवतणाची यादी मालकांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पक्की होत नसे. पोस्टानं पत्रिका टाकणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. कागद काय हाक मारतो का, असं विचारायचे. पंगत बसली, पानं वाढून झाली, आता वदनी कवळ म्हणायचं, तेवढ्यात मालक उठून गल्लीच्या तोंडाशी जायचे आणि दोन्ही बाजूंना तोंड करून ओरडायचे, "कोण ऱ्हायलं का?" खेड्यापाड्यात ही रीत आहेच, पण तिथं एक हाक मारतात. मालक चार मारायचे, आणि प्रत्येक हाकेनंतर उत्तराची वाट बघायचे. भात निवायचा, पोरं कळवळायची. एकदा त्या हाकेला रस्त्यानं जाणारे कल्हईवाले चाचा थांबले आणि म्हणाले, "मी ऱ्हायलोय की." मालकांनी त्यांना हाताला धरून आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं. त्या दिवसापासून पेठेतल्या प्रत्येक यादीत चाचांचं नाव आलं. चाचांनीही मान राखला. त्यांच्या मुलीच्या लग्नात मालकांना मंडपाच्या दाराशी उभं राहून चार हाका मारायला लावल्या.

मलाही त्यांनी सोडलं नाही. माझ्या पहिल्या हळदीकुंकवाला मी पेठेतल्या सगळ्या बायकांना बोलावून आले होते. मालक जिन्याखालून म्हणाले, कोण राहिलं का? मी म्हटलं, कुणी नाही. त्यांनी समोरच्या खोलीतल्या विधवा आजींच्या दाराकडं नुसतं बघितलं. मी म्हटलं, अहो, हळदीकुंकू आहे. ते म्हणाले, कुंकू नका लावू, हाक तर मारा. मी आजींना दुसऱ्या दिवशी चहाला बोलावलं. वेगळं बोलावलं हे त्यांना आवडलं नाही, आणि आज विचार केला तर मलाही आवडत नाही.

पंचमीला मालक टेकडीवरून दोन फोडी घेऊन यायचे. त्या झुंबडीत एक मिळायची मारामार, पण हा माणूस पन्नाशीतही खांद्यानं वाट काढायचा. एक फोड ते त्या वर्षी पेठेत जिथं अबोला असेल त्या घरी द्यायचे. पहिल्याच वर्षी ती आमच्या वाट्याला आली. सासूबाई येणार होत्या आणि त्यांना कुठली खोली द्यायची ह्यावरून आम्ही तीन दिवस एकमेकांशी बोलत नव्हतो. भिंती पातळ असतात. मालकांनी उंबऱ्यावर फोड ठेवली आणि म्हणाले, भाजी करा, दोघांनी एका ताटात खायची. कोहळ्याची भाजी मला मुळीच आवडत नाही. खाल्ली.

दुसरी फोड घेऊन मात्र ते पुन्हा बाहेर पडायचे आणि रिकाम्या हातानं परत यायचे. त्या संध्याकाळी दूधकट्ट्यावर जायचे नाहीत. कुणी काही विचारायचं नाही. एकदा गहू निवडता निवडता मालकीणबाईंनी मला सगळं सांगितलं.

मालकांची आई लवकर गेली. थोरल्या बहिणीनं, आक्कानं, त्यांना वाढवलं. आक्का टेंबलाईच्या पायथ्याच्या एका शेतकरी घरात दिलेली. मालकांना मुलगा झाला, बाराव्या दिवशी बारसं. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आपली रीत. आत्याला मानानं घेऊन यायचं काम भावाचं. त्या दिवशी मैदानात कुस्ती होती. मालकांना वाटलं, धाकटा भाऊ गेला असेल आक्काला आणायला. धाकट्याला वाटलं, थोरला गेला असेल. दोघंही मैदानात, गर्दीत एकमेकांना न दिसता, एकाच बाजूला बसून कुस्ती बघत होते. घरी उन्हं कलली, बायका खोळंबल्या, पोर रडून लाल झालं. शेवटी कुणीतरी शेजारणीला पुढं केलं आणि नाव ठेवून मोकळे झाले. संध्याकाळी घुगऱ्या वाटत फिरणारा गडी आक्काच्याही दारात गेला. घुगऱ्या बघून तिला कळलं, की आपल्या भाच्याचं बारसं झालं. तिनं घुगऱ्या ओतून घेतल्या, गड्याचं भांडं धुऊन परत दिलं आणि दार लावलं.

मालकीणबाईंनी मला सांगितलं तेव्हा त्याला अठरा वर्षं झाली होती. दर पंचमीला मालक त्या बंद दारापुढं उभे राहायचे. "आक्का, चुकलं माझं" एवढंच म्हणायचे, फोड उंबऱ्यावर ठेवायचे, तांब्याभर पाणी पिऊन होईल इतका वेळ थांबायचे आणि परतायचे. दार कधी उघडलं नाही. आक्कानं तर घराची पाठसुद्धा गावाकडं केली आहे, असं मालक सांगायचे. मी ते घर पुढं पाहिलं. दार पूर्वेला होतं, चारचौघांच्या घराला असतं तसं. पण मालकांना पटवणार कोण?

आणि दुसरं म्हणजे, ह्या माणसानं स्वतःच्या मुलाला त्याच्या नावानं कधी हाक मारली नाही. शाळेच्या दाखल्यावर नाव होतं, दोस्त त्याला त्या नावानं बोलवायचे. मालक मात्र लेका म्हणत, पैलवान म्हणत, रागावले की अवो मिशीवाले म्हणत. आत्याच्या तोंडून न निघालेलं नाव ते धरतच नव्हते. मला आधी ही हौस वाटायची. मग एकदा मुलगा माझ्याकडून फॉर्म भरून घेत होता. त्याचं नाव मी मोठ्यानं वाचलं, तर खाली ओट्यावर मालकांनी मान फिरवली. ती हौस नव्हती. ती त्यांनी स्वतःला लावून घेतलेली शिक्षा होती, आणि पोराला विनाकारण भोगावी लागत होती. मला त्यांचा फार राग आला होता त्या दिवशी.

माझ्या तिथल्या पाचव्या नवरात्रात सगळं एकदम अंगावर आलं. मुलगा बावीस वर्षांचा, लग्न ठरलेलं, मुलगी पेठ वडगावची. मुलाला ती फार पसंत होती. नाव निघालं की मिशीतल्या मिशीत हसायचा. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली होती, आणि मालक पत्रिका छापायला देईनात. ज्या नावानं आपण हाक मारली नाही ते छापायचं कसं, म्हणत. आणि आत्याशिवाय अक्षता पडणार नाहीत. मुलीचे वडील दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा चहा न घेता सांगून गेले, की दसऱ्यापर्यंत पत्रिका हातात पडली नाही तर दुसरं स्थळ बघतो. मुलगा तालमीत जाऊन अंधार पडेपर्यंत जोर काढत राहिला.

त्यातच नवरात्राच्या आधी आठवड्यावर मालक दूधकट्ट्यावर शेणावरून घसरले आणि पाय मोडून घेतला. मांडीपर्यंत प्लास्टर. बावीस वर्षांत पहिल्यांदा पंचमी चुकणार होती. धाकटा भाऊ मागंच वारला होता. मालकीणबाईंनी जावं तर त्याच बारशाच्या यजमानीण. मुलानं जावं तर सगळं त्याच्यावरूनच झालेलं. मालक खाटेवरून माझ्याकडं बघायला लागले.

"बाई, तुम्ही जावा. तुम्ही पयल्या दिवशी खरं बोललासा."

निरोप त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणून घेतला. एवढ्या तीन शब्दांसाठी मुलींना मी सुद्धा कधी इतकं घोकायला लावलं नव्हतं.

पंचमीला मी आणि मुलगा टेकडीवर गेलो. वाजंत्री, गुलाल, माणसांवर माणसं. कुमारिकेचा त्रिशूळ कोहळ्यात शिरला आणि मग मला काही दिसलं नाही. थोड्या वेळानं मुलगा गर्दीतून बाहेर आला तो शर्टाची एक बाही गमावून, केसांत कोहळ्याच्या बिया घेऊन. हातात फोड होती. आक्काच्या घराजवळच्या वळणावर तो थांबला आणि मी पुढं गेले.

दार बंद होतं. मी कडी वाजवली नाही, कारण मालक वाजवत नसत. निरोप सांगितला. "आक्का, चुकलं माझं." माझ्या शुद्ध, शाळेतल्या वळणाच्या आवाजात तो मलाच खोटा वाटला. आत काही हललं नाही. फोड उंबऱ्यावर ठेवली. आता तांब्याभर पाण्याइतका वेळ थांबून परत फिरायचं, एवढंच माझं काम होतं. पण मला वळणावर थांबलेल्या मुलाचा चेहरा आठवला आणि माझा तोल गेला. मी दाराला म्हटलं, मी मालक नाही, मी त्यांची भाडेकरू आहे. ते आले नाहीत कारण त्यांचा पाय मोडलाय आणि ते खाटेवर पडून आहेत.

कडी सटकन निघाली.

दारात एक उंच, वाळकी, मालकांसारख्याच कपाळाची बाई उभी होती. "पाय मोडला? कवा?"

मी म्हटलं, पंधरा दिवस होत आले.

"आणि मला कुणी सांगिटलं न्हाय," आक्का म्हणाली. "बघा. पुन्ना ऱ्हायलीच मी."

तिनं मला आत घेतलं. पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. फळीवरचा एक पत्र्याचा डबा काढून पुढं सरकवला. आत सांडगे होते. दर पंचमीच्या फोडीत घरचा कोहळा मिसळून ती सांडगे घालायची आणि वर्षभर पुरवून खायची. म्हणजे बावीस वर्षं भावानं आणलेलं तिनं एकदाही टाकलं नव्हतं. मी न राहवून विचारलं, मग दार का नाही उघडलंत?

ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "दार उघडलं असतं तर वरसाला आला असता व्हय? भावांचं मला म्हाईत हाय, बाई. रुसवा सरला की येणं सरतंय. टेंबलाई का उगंच बसलीया पाठ करून?"

मी गणित शिकवणारी, पण हा हिशेब मला कधी सुचला नसता. मी तिला शब्द दिला, की दरवर्षी त्यांना घेऊन येईन. मी माझा पदर डोळ्यांना लावला तर ती माझ्यावरच खेकसली, की सणाच्या दिवशी रडतात का.

मग ती अनवाणीच बाहेर आली. वळणावर मुलगा उभा होता. तिनं त्याला खालून वरपर्यंत बघितलं, केसांतली एक बी काढली आणि विचारलं, "नाव काय रं तुझं?"

पोरगा बापाचा खरा. म्हणाला, "अजून ठेवलं न्हाय, आत्या."

आक्कानं त्याचा कान धरून त्याला खाली ओढला. सहा फुटी गडी गुडघ्यांवर आला. तिनं त्याच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. मी जवळ होते, मला ऐकू आलं. नाव तेच होतं, दाखल्यावरचं. नाव चांगलंच होतं, तिनं ठेवलेलं नव्हतं एवढंच. तिथं बाई म्हणून मी एकटी. रीत पुरी करायची म्हणून मी तिच्या पाठीत धपाटा घातला. टेकडीवरून परतणाऱ्या दोन-चार बायकांनी, काय चाललंय ते न विचारता, हात धुऊन घेतले. आक्का हसत हसत वाकली आणि हसणं संपल्यावरही बराच वेळ वर आली नाही.

रिक्षातून आम्ही तिघं पेठेत आलो. मालक ओट्यावर खाट टाकून वाट बघत होते. आधी मला बघितलं, मग आक्काला. उठायला गेले, प्लास्टर आडवं आलं. आक्का प्लास्टरवर चापट मारून म्हणाली, म्हशीचं दूध पिऊन म्हशीसारखाच पडलास. मालकांनी तोंड वळवलं आणि मुलाला नावानं हाक मारली. पहिली फुटलीच नाही. दुसरी गल्लीभर ऐकू गेली. "पाणी आण आत्याला," म्हणाले. मुलगा पाणी आणायला आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. पत्रिका दुसऱ्या दिवशी छापायला गेली.

पुढच्या पंचमीला मी शब्द पाळला. मालक जरा लंगडत होते, पण फोड त्यांनी स्वतः मिळवली होती. बरोबर मालकीणबाई, मुलगा, वडगावची सून आणि मी. आक्काच्या घराचं दार सताड उघडं, अंगणात रांगोळी, आतून फोडणीचा वास. मालक अंगणातच थबकले. त्यांचा चेहरा उतरला.

"आक्का, दार लाव."

"का रं?"

"लाव म्हंतो न्हवं."

आक्कानं त्यांच्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. कडी पडल्याचा आवाज आला. मालक दुखरा पाय लांब ठेवून वाकले आणि फोड उंबऱ्यावर ठेवली. त्यांचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"आक्का, चुकलं माझं."

तांब्याभर पाणी पिऊन होईल इतका वेळ गेला. सून घाबरून माझा हात धरून उभी होती. मग आतून आवाज आला, "कोण ऱ्हायलं का मागं?"

मालक वळले. त्यांनी आम्हाला एकेकाला नीट बघितलं, शेवटी मुलाला.

"न्हाय, आक्का," ते म्हणाले. "समदी आल्यात."

आतून कडी निघाली.